करवलीचा मेकअप : प्रकल्प नोंदी

१८ जानेवारी २०२५, शनिवार

धाकट्या भावाचं लग्न १८ मेला ठरलं. हॉल दादरला, मुहूर्त दुपारचा, म्हणजे घाम धरूनच चालायचं. करवली मी. वधूपक्षाने ठरवलेली मेकअपवाली म्हणे दोन्हीकडच्या बायकांचं करून देणार आहे. आई त्यावर खूश, मी नाही. अनोळखी पेटीतलं काही माझ्या चेहऱ्याला लागलं तर अल्बममध्ये करवली सुजलेल्या डोळ्यांची दिसेल. तेव्हा सामान आपलं आपण जमवायचं, तपासायचं आणि लावायलाही आपणच शिकायचं.

आजची स्थिती. शाळेत असताना कोपराच्या आणि गुडघ्याच्या खोबणीत इसब होतं. ते गेलं, पण चेहरा तेव्हापासून चिडका. मध्यंतरी एका फेशियलनंतर गाल कितीतरी दिवस खरखरीत राहिले, तेव्हापासून पार्लर बंद. घरात सामान म्हणजे व्हॅसलीन, टिकल्यांची पाकिटं आणि अंघोळीनंतरची पावडर. मैत्रिणी कॉलेजात जे शिकल्या ते मी तिशी उलटल्यावर शिकणार.

पद्धत अशी ठरवली. एका वेळी एकच नवी वस्तू. ती आधी कोपराच्या आतल्या बाजूला, नाण्याएवढ्या जागेवर, दिवसातून दोनदा, आठवडा ते दहा दिवस. तिथे काही उमटलं नाही तर जबड्याच्या कडेला, कानाजवळ. मगच चेहरा. दुकानात मनगटावर लावून पाच मिनिटांत ‘काही होत नाही हो’ म्हणण्याला अर्थ नाही, कारण ॲलर्जीची प्रतिक्रिया बहुधा एकदोन दिवसांनी उमटते. या हिशेबाने मेपर्यंत फार वस्तू बसत नाहीत. बसतील तेवढ्याच घ्यायच्या.

२६ जानेवारी, रविवार

मावशीकडे हळदीकुंकू. वाण: चहाची गाळणी. (गेल्या वर्षीही गाळणीच.)

मावशीच्या कपाळावर, बरोबर टिकलीच्या जागी, पांढरा गोल पडलाय. तो झाकायला ती मोठी टिकली लावते आणि टिकलीबरोबर गोलही मोठा होत चाललाय. ‘कोड नाही हो ते’, असं बायका एकमेकींना हळू आवाजात सांगत होत्या. टिकलीच्या गोंदात पॅरा-टर्शरी-ब्युटिल फेनॉल नावाचं रसायन असू शकतं. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवरच ते घाव घालतं. आपल्याकडच्या त्वचेच्या डॉक्टरांना हा डाग चांगला ओळखीचा आहे. टिकली वेळेत थांबवली तर रंग परत येऊ शकतो, पण हमी नाही.

“मावशी, टिकली बंद कर आणि डॉक्टरांना दाखव.”

“अगं, सणासुदीचं कपाळ मोकळं ठेवू होय? बरं, कुंकू लावते मग.”

कुंकवाचंही सांगायला हवं होतं, पण पुढच्या बायका दारात उभ्या. हळदीला चुना लावून लाल केलेलं कुंकू वेगळं आणि रंग घातलेलं बाजारचं वेगळं. रंगाच्या कुंकवाने काहीजणींच्या कपाळावर काळपट चट्टा येतो, कधीकधी तर फारशी खाज न येताच. एकीला पांढरं, दुसरीला काळं, जागा तीच.

लग्नासाठी निर्णय: चिकटवायची टिकली नाही. तपासून पास झालेल्या लिप पेन्सिलने चंद्रकोर काढायची. हात स्थिर नाही, सराव लागेल.

१ फेब्रुवारी, शनिवार

त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. बाईंचा पहिला प्रश्न: “गोरं व्हायची कुठली ट्यूब लावता का?” नाही म्हटल्यावर त्यांनी दोनदा खात्री करून घेतली. कारण विचारलं तर म्हणाल्या, “चेहऱ्याला काहीच सहन होत नाही म्हणून येणाऱ्यांत अशा ट्यूबवाल्या पुष्कळ.” केमिस्टकडून आणलेल्या मलमात स्टेरॉइड असतं. आधी चेहरा उजळ, नितळ दिसतो, मग त्वचा पातळ होते, उन्हात आग होते, पुरळ येतं. लावणं थांबवलं की आणखी भडकतं, म्हणून बाई पुन्हा लावते. २०१८ साली सरकारने अशी बरीच स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. ऑफिसात एकजण ‘मला ऊनच सोसत नाही’ म्हणत दुपारच्या चहालाही बाहेर पडत नाही. तिला सोमवारी गाठून विचारणार.

बाकी त्यांनी सांगितलेलं थोडक्यात. चुरचुर आणि ॲलर्जी या दोन वेगळ्या गोष्टी. चुरचुर कुणालाही होऊ शकते. वस्तू तिखट असते किंवा त्वचेचा वरचा थर कमजोर झालेला असतो, लावताच आग होते, आणि प्रमाण कमी केलं किंवा आधी मॉइश्चरायझर लावलं तर कधीकधी भागतं. ॲलर्जीत शरीर ते रसायन ओळखून ठेवतं. मग कणभरही पुरतं, खाज येते, ती उशिरा येते आणि ओळख सहसा जन्मभर राहते. तिथे तडजोड नाही, टाळणं एवढंच. माझं कुठलं ते कळल्याशिवाय खरेदी म्हणजे अंधारात तीर. त्यामुळे पॅच टेस्ट, म्हणजे शंकेचे पदार्थ पट्ट्यांनी पाठीवर चिकटवून काय उमटतं ते पाहायचं, तीही याच महिन्यात, कारण एप्रिल-मेच्या घामात पाठीवरच्या पट्ट्या टिकत नाहीत.

स्वतःसाठी एक टीप. जिथे तिथे ‘त्वचा लाल होते’ असं लिहिलेलं असतं आणि फोटो गोऱ्या गालांचे. माझ्या रंगावर लाल असं काही दिसत नाही. जागा जरा जांभळट-तपकिरी होते, हाताला गरम आणि खरखरीत लागते. आणि बरं झाल्यावर काळा डाग मागे राहतो, तो महिनोन्‌महिने जात नाही. त्यामुळे तपासताना डोळ्यांपेक्षा बोटावर भरवसा.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

पॅच टेस्ट संपली. सोमवारी पाठीवर छोट्या चकत्यांच्या पट्ट्या चिकटवल्या, बुधवारी काढल्या, आज शेवटचं वाचन. पाठ भिजवायची नाही, घासायची नाही. मुलुंडहून गर्दीच्या लोकलमध्ये ते कसं करायचं हे कुठल्याच कागदावर छापलेलं नव्हतं. डब्याच्या पत्र्याला पाठ न टेकता करी रोडपर्यंत उभं राहिले. एका बाईने विचारलं, “पाठीला भाजलंय का गं?” हो म्हटलं. तेवढ्यावर खिडकीकडची जागा मिळाली.

निकाल (अधिक जास्त म्हणजे प्रतिक्रिया जोरात, कोरं म्हणजे काही नाही): सुगंध मिश्रण, दोन अधिक. मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे प्रिझर्वेटिव्ह (माल टिकवायला घालतात ते रसायन), एक अधिक. निकेल कोरं, म्हणजे खोटे झुमके आणि पापण्यांचा चिमटा चालेल. लॅनोलिन (मेंढीच्या लोकरीतलं मेण), तेही कोरं.

सुगंध मिश्रणात आठ पदार्थ असतात. दालचिनीतलं सिनॅमल, सिनॅमिल अल्कोहोल आणि अमिल सिनॅमल, लवंगेतलं युजेनॉल आणि त्याचं भावंड आयसोयुजेनॉल, गुलाबात असणारं जिरॅनिऑल, हायड्रॉक्सीसिट्रोनेलाल, आणि ओकच्या झाडावर वाढणाऱ्या दगडफुलाचा अर्क. गरम मसाल्याचा डबा उघडल्यासारखी यादी. जेवणातला मसाला तुम्ही खुशाल खा, असं डॉक्टर म्हणाल्या, कातडीवर नको.

आईला हे समजावणं सर्वांत अवघड गेलं. तिचं म्हणणं, केमिकल नको, आयुर्वेदिक घे. आता लवंगेचं तेल असो की कारखान्यात बनवलेलं युजेनॉल, माझ्या पाठीला रेणू तोच. ‘नैसर्गिक’ लिहिलेल्या बाटल्यांत सुगंधी तेलं भरपूर असतात, तेव्हा माझ्यासाठी तेच कपाट आधी बंद. आई म्हणाली, “मग उटणंसुद्धा नाही?” उटणंसुद्धा नाही. त्यात गुलाब, वाळा, कापूर, सगळंच येतं.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज लेबलं. हे माझं घरचं मैदान. माझं पोट लेबलांवर चालतं. लोअर परळच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटीतल्या गाळ्यात आम्ही खोकी छापतो, आणि छापण्याआधी त्यावरचं अक्षर न्‌ अक्षर भिंगातून वाचणारी मी. हातात भिंग घेऊन दुकानात उभी राहिले तर लोक बघतात. बघू देत.

पाठीवर काय आलं ते माहीत असल्यामुळे वाचन सोपं झालं. घटकांची यादी जास्तीकडून कमीकडे असते, पण एक टक्क्यापर्यंतच. त्याखालचे घटक कुठल्याही क्रमाने छापता येतात, म्हणून शेवटची ओळ पहिल्या ओळीइतकीच नीट वाचायची. माझे दोन्ही शत्रू तिथेच बसलेले असतात. ‘परफ्यूम’, ‘फ्रॅग्रन्स’ किंवा ‘अरोमा’ हा एकच शब्द दिसला की खोकं परत शेल्फवर, कारण त्या एका शब्दामागे किती पदार्थ आहेत ते बाहेरून कळत नाही. युरोपात २६ सुगंधी पदार्थ ठरावीक प्रमाणाच्या वर असले तर नावानिशी छापावे लागत, आणि २०२३च्या नियमाने ती यादी आणखी बरीच लांबवली. त्यामुळे निर्यातीच्या खोक्यांवर लिनालूल, लिमोनिन, सिट्रोनेलॉल अशा नावांची रांग दिसते. आमच्याकडे ही खोकी आली की जागा पुरत नाही म्हणून डिझायनर कुरकुरतो. यापुढे मी त्याच्या बाजूने बोलणार नाही.

‘अनसेंटेड’वर, म्हणजे ‘बिनवासाचं’ या शब्दावर, भरवसा नको. वास येऊ नये म्हणून वास मारणारा सुगंध घातलेला असू शकतो. ‘फ्रॅग्रन्स-फ्री’ (सुगंध घातलेलाच नाही असं) हवं, आणि तेही यादीशी ताडून.

‘हायपोॲलर्जेनिक’, म्हणजे ॲलर्जीचा धोका कमी, हा शिक्का तर मी सोडूनच दिला. अमेरिकेत १९७५ साली एफडीएने, म्हणजे औषधं-प्रसाधनांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याने, नियम केला होता की हा शब्द छापायचा तर माणसांवर चाचणी करून दाखवा. दोन कंपन्या कोर्टात गेल्या आणि १९७७ मध्ये अपील न्यायालयाने तो नियम रद्द केला. तेव्हापासून तिथे या शब्दाला कायदेशीर व्याख्या नाही, कंपनी म्हणेल तो अर्थ. आणि तोच शब्द आपल्या शेल्फावर येऊन ‘परदेशात तपासलेलं’ असा भाव खातो.

‘पॅराबेन-फ्री’चा किस्सा त्याहून चविष्ट. पॅराबेन हे जुनं प्रिझर्वेटिव्ह. त्याची बदनामी झाली, कंपन्यांनी ते काढलं आणि पाणी असलेल्या मालात जंतू वाढू नयेत म्हणून दुसरं काहीतरी घातलं. त्या दुसऱ्यांत मिथाइलआयसोथायाझोलिनोन होतं. पुढे त्याच्या ॲलर्जीचे रुग्ण इतके वाढले की अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने २०१३ साली त्याला ‘ॲलर्जन ऑफ द इयर’ ठरवलं, आणि युरोपने २०१७ मध्ये लावून ठेवायच्या प्रसाधनांतून ते हद्दपार केलं. त्याच सोसायटीने २०१९ साली पॅराबेनला ‘नॉन-ॲलर्जन ऑफ द इयर’ म्हटलं, कारण ॲलर्जीपुरतं बोलायचं तर ते सर्वांत गरीब प्रिझर्वेटिव्हांपैकी एक. म्हणजे माझ्यासारखीने ‘पॅराबेन-फ्री’ वाचून निर्धास्त व्हायचं नाही. पॅराबेन असलेलं मॉइश्चरायझर मी आज घेतलं आणि दुकानातल्या मुलीने माझ्याकडे दयेने पाहिलं.

अडचण छोट्या वस्तूंची. आपल्याकडे ६० मिलिलिटरपेक्षा कमी द्रव आणि ३० ग्रॅमपेक्षा कमी घन किंवा मलमासारख्या वस्तूंवर घटकांची यादी छापायची सक्ती नाही. लिपस्टिक, काजळ, लायनर, कॉम्पॅक्ट, सगळं त्यातच. काही कंपन्या तरीही खोक्यावर किंवा वेबसाइटवर देतात. जी देत नाही तिची वस्तू घ्यायची नाही, कितीही गोड रंग असो. उत्पादन परवाना क्रमांक, बॅच, ‘यूज बिफोर’ तारीख, हे नसलेली वस्तू तर स्टेशनबाहेरच्या पाटीवरच राहू दे.

९ मार्च, रविवार

ऑफिसातली ती. ट्यूब निघालीच. नवऱ्याच्या चुलतबहिणीने दिलेली. डॉक्टरांचा पत्ता दिला आणि एकदम बंद न करता आधी त्यांना विचार असं बजावलं. शुक्रवारी जाऊन आली, आता रडवेली आहे पण चहाला येते.

माझं: अजून मेकअप शून्य. फेब्रुवारीअखेरपासून चेहऱ्यावर फक्त बिनसुगंधी क्लेन्झर आणि ते मॉइश्चरायझर. अंघोळीचा साबण चेहऱ्यावरून हद्दपार, कारण त्याचा सामू (पीएच) ९-१०, त्वचेचा साधारण ५. दोन्ही गालांची सकाळची ओढ गेली आहे. आधी चेहरा शांत ठेवल्याशिवाय नव्या वस्तूने बिघडला की आधीच बिघडलेला होता, हे कळणार कसं? पाया कोरा हवा.

सनस्क्रीन कोपरावर चालू. झिंक ऑक्साइडचं साधं सनस्क्रीन माझ्या रंगावर राखाडी दिसतं, म्हणून रंग घातलेलं घेतलं. त्यातले रंग आयर्न ऑक्साइडचे, लेबलावर ‘सीआय’ या रंग-क्रमांकांनी छापलेले: सीआय ७७४९१ लाल, ७७४९२ पिवळा, ७७४९९ काळा. या तिघांत टायटॅनियम डायऑक्साइडचा पांढरा मिसळला की जगातल्या बहुतेक फाउंडेशनच्या शेड तयार होतात. वर फायदा असा की आयर्न ऑक्साइड डोळ्यांना दिसणारा प्रकाशही अडवतं, आणि सावळ्या त्वचेवरचे डाग त्या प्रकाशानेही गडद होतात. नुसतं अतिनील किरणांचं सनस्क्रीन तेवढं पुरं पडत नाही.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. दार बंद, खिडक्या बंद. खालून पोरं ओरडली, “ताई, नैसर्गिक रंग आहेत!”

३० मार्च, रविवार

पाडवा. सनस्क्रीन पास, चेहऱ्यावर नेहमीसाठी. आज त्यावर पहिल्यांदा लिपस्टिक लावून गुढीपुढे उभी राहिले. भाऊ म्हणाला, “कुठे निघालीस?” घरातच होते.

ओठांचं काम वाटलं होतं त्यापेक्षा किचकट निघालं. लिपस्टिकमध्ये एरंडेल तेल बऱ्याचदा असतं आणि काहींना त्याचीच ॲलर्जी असते. मला नाही, पण व्हॅनिलाचा वास घातलेल्या लिपस्टिकी भरपूर आहेत आणि त्या मला नकोत. ओठांना लागलेलं पोटातही जातं, त्यामुळे इथे भाव पाहून खरेदी करायची नाही. शेवटी बिनवासाची, वीटकरी रंगाची एक मिळाली, शिवाय त्याच जातीची मरून पेन्सिल. पेन्सिलचा गुण असा की त्यात मेण आणि रंग, पाणी जवळजवळ नाही. पाणी नाही तिथे जंतूंना थारा कमी, म्हणून प्रिझर्वेटिव्हही कमी लागतं. माझ्यासारखीने जिथे पेन्सिल आणि पावडर मिळते तिथे द्रवाच्या वाटेला जाऊ नये, हा आतापर्यंतचा सर्वांत कामाचा नियम.

रंग दुकानातल्या पिवळ्या दिव्यात बघायचा नाही. रानडे रोडवर फुटपाथवर येऊन, उन्हात, हातावर ओढलेल्या रेघा पाहिल्या. टेस्टर ओठांना लावायचा प्रश्नच नाही, त्यावर अख्ख्या दादरचे ओठ टेकलेले.

आईने कपाटातून तिच्या लग्नातली लॅक्मेची लिपस्टिक काढून दिली, “ही लाव, भारी होती.” टाटांनी १९५२ साली ही कंपनी काढली ती परदेशी प्रसाधनांवर जाणारं परकीय चलन वाचावं म्हणून, असं सांगतात. आईच्या पिढीसाठी मेकअप म्हणजे तेच एक नाव. नळी सुंदर आहे, सोनेरी. परत कपाटात ठेवली. एवढ्या वर्षांनी ती लावायची वस्तू राहिलेली नाही.

१२ एप्रिल, शनिवार

डोळे. इथे सर्वांत सावकाश, कारण पापणीची कातडी अंगावरची सर्वांत पातळ. तिथला त्रास कित्येकदा तिथल्या वस्तूचा नसतोच. नखं रंगवलेली असतात, नेलपॉलिशमधल्या रेझिनची ॲलर्जी बोटांना न दिसता हाताने डोळा चोळला की पापणीला दिसते. शाम्पू, परफ्यूम, हेअरस्प्रे यांचंही तसंच. म्हणून लग्नात नखं कोरी.

काजळ: कोपरावर पास, पापणीच्या बाहेरच्या कडेला पास. आतल्या ओल्या कडेला लावायचं नाही असं ठरवलं, तिथलं काजळ सरळ डोळ्याच्या पाण्यात उतरतं. दगडाच्या भुकटीचा पारंपरिक सुरमा तर हातात धरायचा नाही, तो बहुधा गॅलिना असतो, म्हणजे शिशाचं सल्फाइड. आपल्याकडे प्रसाधनांत वापरायच्या रंगांत शिशाची मर्यादा दशलक्षात २० भाग आहे. गॅलिना म्हणजे जवळजवळ सगळं शिसंच.

मस्कारा काळा, साधा. वॉटरप्रूफ नको, कारण तो काढायला जे चोळावं लागतं ते लावण्यापेक्षा वाईट. हे मला लोकलच्या डब्यातल्या एका मावशींनी शिकवलं. रोज घाटकोपर ते कुर्ला एवढ्या अंतरात त्यांचं लायनर दोन्ही डोळ्यांवर समसमान बसतं. मी रूळ बदलताना श्वास रोखते, त्या रोखत नाहीत. “हात गालावर टेकव गं, मग गाडी आणि हात एकत्र हलतात.” घरी आरशापुढे हात टेकवून पाहिलं, चंद्रकोरीसाठीही चाललं.

२७ एप्रिल, रविवार

फाउंडेशन रद्द. दोन तपासायला आणली होती. एकाने कोपराला खाज आणली, दुसरं पास झालं पण लोकलमधून उतरेपर्यंत नाकाच्या बाजूला गोळा झालं. मुंबईच्या एप्रिलमध्ये चेहऱ्यावर थर चढवणं म्हणजे घामाला वाट न ठेवणं. रंगीत सनस्क्रीन आणि वर पावडर, एवढ्यात माझा चेहरा पुरेसा एकसारखा दिसतो. कपाळावरचे जुने डाग दिसतात. दिसू देत. कन्सीलर (डाग झाकायचं क्रीम) शिकण्याइतके दिवस उरले नाहीत आणि हौसही नाही.

गालांना वेगळं काही न घेता लिपस्टिकच बोटाने. एक वस्तू कमी, एक तपासणी कमी.

आज रंगीत तालीम केली. नऊवारी सोडून सगळं लावून भर दुपारी दादरला जाऊन आले. परत येईपर्यंत काजळ जागेवर, ओठ अर्धे, नाक चमकतंय. टिपकागद दाबला, चोळला नाही, आणि पावडर वर फिरवली. चालेल. काढायला आधी खनिज तेलाचा बिनवासाचा बाम, मग क्लेन्झर, आणि मऊ टॉवेलने टिपणं. आई खोबरेल म्हणत होती. काजळ निघतं त्याने, पण माझ्या हनुवटीवर पुटकुळ्या येतात. वाइप्सचं पाकीट कुणी भेट दिलं तरी नको, त्यात प्रिझर्वेटिव्ह आणि वर घासणं.

११ मे, रविवार

मेकअपवाल्या ताईंना भेटले. भांडण होईल असं धरून गेले होते. त्या म्हणाल्या, “दर सीझनला तुमच्यासारखी एखादी असतेच. सामान तुमचं, हात माझा, चालेल?” मग ब्रश? “तेही तुमचेच आणा, धुऊन वाळवून.” स्वतः मात्र त्या सगळ्यांसाठी स्टीलच्या पाटीवर स्पॅच्युलाने काढून घेतात, डबीत थेट ब्रश बुडवत नाहीत. हे पाहून माझाच आवाज खाली आला.

त्यांनी दाखवलेली एक गोष्ट मला सुचलीच नव्हती. केस आधी, चेहरा नंतर. हेअरस्प्रे उडतो तो चेहऱ्यावरही बसतो, आणि त्यात सुगंध. माझ्या केसांना स्प्रे नाही, पिना आणि जाळी. शेजारी बसणाऱ्यांना स्प्रे मारताना मी खोलीबाहेर.

१९ मे, सोमवार

लग्न झालं. नोंद सामानापुरती.

हळदीच्या वेळी घरच्या बायकांनी गाल पुढे करायला लावले, मी हात पुढे केला. आईने एकदाच डोळे वटारले, मग तिनेच सगळ्यांना सांगितलं की हिला चालत नाही. सकाळी ताईंनी भुवया आणि लायनर केलं, बाकी मी. चंद्रकोर मी काढली, डावं टोक जरा जाड. करा धरून उभं राहिले तेव्हा हॉलचे पंखे मागच्या रांगेवर आणि आम्ही फोटोवाल्याच्या दिव्यांखाली. मंगलाष्टकं पाच जणांनी म्हटली, पाचव्याने जरा लांबवली. घाम भरपूर, टिपकागद दोनदा, ओठ जेवणानंतर पुन्हा. मोगऱ्याचा गजरा होता, मानेला खाज नाही.

रात्री काढताना पापणी थोडी जड वाटली. आज सकाळी जबडा, पापण्या, कपाळ बोटाने तपासलं. गुळगुळीत. उद्याही पाहायचं, उशिरा येणारं अजून यायचं राहिलेलं असू शकतं.

मावशी आली होती. टिकली नव्हती, कपाळावर तिने स्वतः रेखलेली उभी रेघ होती. पेन्सिल कुठली ते तिने मला विचारलं आणि मी तिला आधी कोपरावर लाव म्हटलं.

२६ मे, सोमवार

मोसमी पाऊस आजच मुंबईत दाखल, इतक्या लवकर कधीच नोंदलेला नाही म्हणे. गाड्या रखडल्या, करी रोडला गुडघाभर पाण्यातून गेले. सनस्क्रीन टिकलं, पावडरचा गाळ झाला. पावसाळ्यात ऑफिसला जाताना पावडर नाही. सनस्क्रीन, लिप पेन्सिल आणि काजळ, बस.

१९ तारखेनंतर काहीही उमटलं नाही. लग्नाची मोहीम बंद, रोजची चालू.

८ जून, रविवार

पावसाळी देखभाल. स्पंज धुऊन खिडकीत ठेवला होता, वाळायचं नाव नाही, आतून कुबट वास. फेकला. या हवेत स्पंज ठेवायचाच नाही, बोटं साबणाने धुतली की पुरे. ब्रश आठवड्याला धुवायचे, आडवे ठेवून पंख्याखाली वाळवायचे. सगळं सामान बाथरूममधून काढून बेडरूमच्या कपाटात, घट्ट झाकणाच्या डब्यात, बुटांच्या खोक्यातून आलेल्या सिलिकाच्या पुड्यांसह.

डबीवर उघड्या झाकणाचं चिन्ह असतं, त्यात ६ एम, १२ एम असं. उघडल्यापासून तेवढे महिने. कायमच्या मार्करने प्रत्येकीवर तारीख लिहिली. मस्कारा एप्रिलमध्ये उघडला, तीन महिन्यांत टाकायचा, म्हणजे जुलै. काजळ वर्षभर. सनस्क्रीन त्याआधीच संपेल. त्याच कंपनीने खोकं बदललंय, नवं घेताना यादी पुन्हा वाचायची, कारण खोकं बदलताना आतलंही बदलतात. हे आमच्या गाळ्यात रोज पाहते.

भावजयीने निळं लायनर दिलंय. यादी आहे, सुगंध नाही. आजपासून डाव्या कोपरावर.